मोहफूल, काळा गूळ आणि आपण



हंगाम आटोपला की या अंकात माझा लेख ठरलेला असतो. कधी खोडव्याची निगा, कधी पाचट न जाळण्याचे फायदे, कधी आडसाली लागणीचे बेणे. या वेळी संपादक मंडळींनी सुचवले की, साहेब, दरवर्षी तेच लिहिता, यंदा जरा वेगळे येऊ द्या. योगायोगाने मार्चअखेरीस मी आठ दिवस गडचिरोली जिल्ह्यात जाऊन आलो होतो. तेव्हा त्याविषयीच लिहितो.

विषय दारूचा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारखान्याच्या अंकात दारूचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या आवारात मळीच्या टाक्या आहेत आणि कार्यक्षेत्रात गुऱ्हाळे आहेत, त्या कारखान्याच्या सभासदाला हा विषय परका मानून चालणार नाही. शिवाय गोष्ट शेवटी आपल्या गुळावर येऊन थांबते. म्हणून लेख पुरता वाचावा, ही विनंती.

मी स्वतः वारकरी घरातला. वडिलांच्या गळ्यात माळ होती. मी माळ घातली नाही, पण दारूचा थेंबही कधी घेतला नाही. त्यामुळे चवीच्या बाबतीत माझे मत कोणी विचारू नये.

पुण्यातील बिअरचा कारखाना

सुरुवात पुण्यातून झाली. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला गेलो होतो. संध्याकाळी भाचा भेटायला आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. म्हणाला, "मामा, साखर कारखाना रोजच बघता. चला, तुम्हाला बिअरचा कारखाना दाखवतो."

म्हटलं, बघायला काय हरकत आहे!

हॉटेलासारखीच जागा, पण काचेपलीकडे चकचकीत टाक्या उभ्या. आपल्या आसवनीतल्या टाक्यांची जणू लहान भावंडेच. बिअर तिथेच तयार होते आणि तिथेच विकली जाते. महाराष्ट्रात हा प्रकार तसा नवा. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची अशी छोटी ब्रुअरी निघाली आणि पुढे पुण्या-मुंबईत त्यांची संख्या वाढत गेली. या नावाची गंमत भाच्याने सांगितली. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांचे डोके फिरायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला. आपल्या देवळालीचा हा असा लौकिक!

भाच्याने लाकडी ट्रे मागवला. त्यात चार छोटे पेले, चारही रंग वेगळे. आधी चाखायचे आणि आवडेल ते मागवायचे, अशी रीत. मी लिंबू सरबत घेतले आणि कारागिराला प्रश्न विचारत बसलो. त्याने छान समजावून सांगितले. बार्लीच्या दाण्यात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून दाणे भिजवून त्यांना मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि गरम पाण्यात ठेवायचे. मग पिष्टाची साखर होते. पुढचे काम यीस्टचे. म्हणजे आपला ऊस जी साखर आयती देतो, ती मिळवायला बिअरवाल्याला एवढा खटाटोप करावा लागतो.

आणखी एका गोष्टीचे मला फार नवल वाटले. शेजारच्या टेबलाखाली दोन कुत्री निवांत पसरली होती. त्यांना पाण्याचे वेगळे भांडे होते आणि वेटर त्यांना नावाने हाक मारीत होता. इथे कुत्र्यांना मज्जाव नाही म्हणूनच लोक येतात, असे भाचा म्हणाला. आमच्या वस्तीवरच्या कुत्र्याने हे पाहिले असते, तर त्याने राखणीच्या कामाचा राजीनामाच दिला असता!

हा किस्सा मी फोनवर माझ्या एका मित्राला सांगितला. कृषी पदविकेला आम्ही एकाच खोलीत होतो. तो आता गडचिरोली जिल्ह्यात कृषी खात्यात आहे. हसून म्हणाला, "लेका, पुण्यात काय बघतोस? जिथलं तिथंच बनतं आणि कुत्रं पायाशी बसतं, असं बघायचं तर इकडे ये. मोहाचा हंगाम आहे."

वैनगंगेचे दोन काठ

चंद्रपूरहून मूल, सावली करीत आपण वैनगंगेच्या पुलावर येतो. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. १९८२ पर्यंत हा सगळा मिळून एकच चांदा-चंद्रपूर जिल्हा होता. आज दारूच्या बाबतीत दोन काठांचे दोन कायदे आहेत. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायकांनी, चळवळ केली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती आजही आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. त्यामुळे अलीकडे परवान्याची दुकाने दिसतात आणि पूल ओलांडला की बाटली बाळगणे गुन्हा ठरतो.

आपल्या धंद्याची एक गोष्ट मला वाटेत समजली. हा भाग म्हणजे धानाचा आणि तलावांचा. इकडच्या कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धानाबरोबर उसाचे मळेही केले. आपल्याकडे कालवे येण्याच्या कितीतरी आधी इथे उसाला तलावाचे पाणी मिळत होते. आज मात्र वाटेत ऊस फारसा दिसत नाही. दिसते ते जंगल.

पहाटेची वेचणी

मित्राचे गाव धानोरा तालुक्याच्या बाजूला. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. पहाटे साडेचारला त्याने उठवले. ज्यांच्याकडे जायचे होते त्या आजीबाई टोपली घेऊन तयार होत्या. सोबत सून, नातू आणि शेरू नावाचे काळे कुत्रे.

मी विचारले, "आजी, कुत्रं कशाला?"

"वाघ का सांगून येते जी?" आजी म्हणाल्या.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मोहाच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ-अस्वलांच्या हल्ल्यांत माणसे दगावतात. बाई खाली वाकून वेचत असते आणि वाकलेला माणूस जनावराला जनावरासारखाच दिसतो. अस्वलाला मोहफूल अतिशय प्रिय. त्यात २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही या जिल्ह्यात फिरतात. शेरू पुढे जायचा, वास घ्यायचा, थांबायचा. तो थांबला की सगळे थांबायचे. तो शेपूट हलवून पुढे निघाला की मगच आजी पाऊल उचलायच्या. पुण्यातली कुत्री टेबलाखाली झोपली होती. इथे सगळ्या घराची भिस्त कुत्र्यावर.

मोहाचे झाड मार्चमध्ये पाने गाळते आणि फुलांचे घोस धरते. फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. पिवळसर पांढरे, गुबगुबीत, आत रस भरलेले. झाडाखाली सडा पडलेला आणि टपटप आवाज चालूच. वास गोड आणि थोडा उग्र. हंगामात आपल्या गव्हाणीजवळ येतो त्याच जातीचा, पण अधिक गडद.

फुले नीट दिसावीत म्हणून पूर्वी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देत. त्यातून वणवे लागतात. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळ्या बांधतात. फूल स्वच्छ मिळते आणि जाळावे लागत नाही. पाचट जाळू नका म्हणून मी आपणांस दरवर्षी सांगतो, तीच गोष्ट तिथे जंगलाला लागू आहे.

माझ्या पिशवीत सवयीने ब्रिक्स मोजायचे यंत्र होते. एक फूल पिळून दोन थेंब काचेवर घातले आणि उजेडाकडे धरले. आकडा १९! फुलावर दव होते, म्हणजे खरा आकडा थोडा जास्तच असणार. सभासदहो, ही आपल्या तोडणीला आलेल्या उसाच्या रसाची गोडी झाली. आणि तीही विनापाण्याची, विनाखताची.

मात्र फरक आहे, तो समजून घ्यावा. उसात असते ती दाणा पडणारी साखर. मोहात बहुतांश द्राक्षातल्या किंवा मधातल्या जातीची साखर असते. तिचा दाणा सहजी पडत नाही, काकवीसारखा पाक होतो. पण यीस्टला ती लगेच मिळते. बार्लीला मोड आणावे लागतात, मोहाला काहीच करावे लागत नाही. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखर असते. एक टन वाळल्या मोहफुलांतून साडेतीनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळू शकते. आपल्या सी-हेवी मळीतून टनाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर निघते. यावरून मोहाची ताकद लक्षात यावी.

सूर्य वर आला तसे आम्ही परतलो. अंगण सारवून त्यावर फुले पसरली. चार-पाच दिवसांत ती तांबूस तपकिरी होतात आणि मनुक्यासारखी दिसतात. शेरू वाळवणाच्या कडेला पुढचे पाय पसरून बसला. शेळी आली की नुसता गुरगुरायचा. आजींनी पहिली मूठ देवाला ठेवली, दुसरी माझ्या हातावर दिली आणि दोन फुले शेरूपुढे टाकली. एवढीच तिथली चाखायची खोली!

वाळलेले फूल भाजून खाल्ले तर गोड, किंचित कडसर लागते. पिठात घालून भाकर करतात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या कितीतरी घरांना मोहाने जगवले. बियांचे तेल निघते. म्हणून मोह म्हटले की दारू, ही आपली समजूत अपुरी आहे.

घरची आणि धंद्याची

तरी दारूचा विषय टाळून चालणार नाही. गावातल्या एका आजोबांनी जुनी रीत सांगितली. वाळली फुले मडक्यात भिजत घालायची. ती आंबली की त्याला सडवा म्हणायचे. मग चुलीवर मडके चढवायचे, वर गार पाण्याचे भांडे ठेवायचे आणि वाफेची धार धरायची. आपल्या आसवनीत मोठ्या मनोऱ्यात जे होते, तेच इथे दोन मडक्यांत. जन्म, लग्न, मरण आणि देवाचे कार्य यांना ती लागायची. आधी दोन थेंब जमिनीवर पूर्वजांना आणि मग माणसांनी घ्यायची. "तेव्हा कोणी विकत नव्हता जी," आजोबा म्हणाले.

मी डोळ्यांनी भट्टी पाहिली नाही आणि बघायची इच्छाही धरली नाही. बंदी असलेल्या जिल्ह्यात पाहुण्याने तसे करू नये.

दुपारी मित्राने गाव संघटनेच्या बायकांकडे नेले. गावोगावी अशा संघटना आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम जिल्ह्यात चालू आहे, त्याचा या बायकांना आधार असतो. चार दिवसांपूर्वी त्यांनी नाल्याच्या काठी झुडपात लपवलेले प्लास्टिकचे ड्रम शोधले होते. सडवा ओतून दिला होता. सापडलेला माल पंचनाम्यासाठी एका खोलीत ठेवला होता. संघटनेच्या प्रमुख बाईंनी दार उघडले.

आत मोहाचे एक पोते होते. आणि गुळाच्या ढेपा, मोजल्या तर अकरा.

मी एक ढेप जवळ घेऊन नखाने खरवडली. काळा, चिकट, ओलसर गूळ. करपल्याचा वास आणि त्याखाली आंबूस. माणसाने खावा असा नव्हे. असा गूळ कसा होतो हे मला कोणी सांगायला नको. लोळलेला, उंदराने खाल्लेला किंवा तोडून चार-पाच दिवस उन्हात पडलेला ऊस गुऱ्हाळात घातला की असा गूळ होतो. त्याची ढेप धड धरत नाही.

बाई म्हणाल्या, "साहेब, मोहा आमच्या दारचा आहे. तो वर्षातून एक महिना पडते. गूळ बारा महिने येते."

हे एक वाक्य मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरलो. मोहाच्या झाडाने दारूला एक मर्यादा घालून दिली होती. फूल पडेल तेवढेच, वेचता येईल तेवढेच, आणि त्यातले पुष्कळसे बाजारात विकून घरचे मीठ-मिरची व्हायची. बाहेरून गूळ आला आणि ती मर्यादा गेली. आता पावसाळ्यातही ड्रम भरतो. लवकर चढावे म्हणून त्यात नवसागर टाकतात. लग्नाची दारू रोजची झाली. या बाईंचा धनी त्यातच पस्तिशीत गेला. पदरी दोन मुली. हे त्यांनी रडून सांगितले नाही, ढेपा मोजता मोजता सांगितले.

माझी चूक

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, याचा बराच विचार केला.

दोन वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटी आपल्या एका सभासदाचा पाऊण एकर ऊस लोळला होता. टोळ्या गावाकडे निघाल्या होत्या, तोड मिळत नव्हती. तो चार वेळा गट कार्यालयात आला. शेवटी मीच त्याला म्हणालो, "गुऱ्हाळाला घाल. काळ्या गुळालाही गिऱ्हाईक आहे, व्यापारी जागेवर उचलतो."

"एवढा खराब गूळ जातो कुठं, साहेब?" त्याने विचारले होते.

"जाईल जनावरांना," मी म्हणालो होतो.

जनावरांच्या पेंडीसाठी कोणी एवढा भाव देत नाही, हे मला तेव्हाही कळायला हवे होते. कळून घेतले नाही, हे खरे. त्या खोलीतल्या अकरा ढेपा आपल्या भागातल्या होत्या असे मी म्हणत नाही. त्यांवर छाप नव्हता आणि गूळ राज्यात सगळीकडे होतो. पण त्या आपल्या नव्हत्याच, असेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वाद आणि आपले काम

मोहाच्या दारूला परवाना द्यावा, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने २०२२ साली वारसा मद्याचे धोरण आणले आणि अलीराजपूर-दिंडोरीकडे आदिवासी बचत गटांना मोहाचे मद्य काढायला परवानगी दिली. पुण्यात बार्लीच्या पेल्याला मान आणि जंगलात मोहाच्या मडक्यावर धाड, हा न्याय कसला, असा त्यांचा सवाल आहे. तो चुकीचा म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला त्या बाईंसारख्या हजारो बायका आहेत. त्यांनी बंदी मागून घेतली आणि त्या स्वतः ती राखतात. त्यांचेही म्हणणे खोटे नाही. याचा निवाडा तिथल्या ग्रामसभांनी करावा. आपण पाहुण्यांनी करू नये.

एक चांगली गोष्ट झाली आहे. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरचे निर्बंध उठवले. त्यामुळे फूल साठवून भाव आल्यावर विकता येईल. लाडू, सरबत, पाक करून विकता येईल. पूर्वी हंगामातच पडेल भावाने व्यापाऱ्याला द्यावे लागे.

आपल्या हातात आहे तेवढे मात्र आपण केले पाहिजे. तात्पर्य म्हणून तीन गोष्टी सांगतो.

१) ऊस लोळला, पेटला किंवा उंदराने धरला, तर त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे. अशा उसाची वेगळी यादी करून त्याला आधी तोड द्यावी, असा प्रस्ताव मी शेतकी खात्यातर्फे कार्यकारी संचालकांकडे दिला आहे. तोड वेळेवर मिळाली तर काळ्या गुळाची वेळच येणार नाही. ही जबाबदारी आधी आमची आहे, मग आपली.

२) गुऱ्हाळ चालवणाऱ्या सभासदांनी खाण्याच्या लायकीचाच गूळ करावा. रस बिघडला असेल तर ढेप घालू नये.

३) काळ्या गुळाला जादा भाव देणारा व्यापारी दारात आला, तर "हा माल कुठे जातो?" एवढे विचारावे. उत्तर सरळ आले नाही तर माल देऊ नये. चार पैसे कमी मिळतील. पण ते चार पैसे कोणाच्या घरातून येतात, हे मी पाहून आलो आहे.

निघताना आजींनी शेरभर वाळली मोहफुले कागदात बांधून दिली. पैसे घेईनात. शेरू वेशीपर्यंत पोचवायला आला आणि एस. टी. सुटेपर्यंत तिथेच बसून राहिला.

घरी आल्यावर मंडळींनी त्या फुलांचे तीळ घालून लाडू केले. त्यांतले काही डब्यात भरून मी गट कार्यालयात ठेवले आहेत. ज्यांना मोहाची चव घ्यायची असेल त्यांनी जरूर यावे. येताना आडसाली लागणीच्या नोंदीचा अर्जही भरून आणावा, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामे होतील. सोबत कुत्रे आले तरी हरकत नाही.

— आपला,
ऊस विकास अधिकारी